पुण्याई ट्रान्सफर होते, पण कागदावर!

बोनस म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? दिवाळीचा जादा पगार, नवा मोबाइल, फार तर गोव्याची ट्रिप. पण मंडळी, आणखी एक बोनस दरवर्षी गुपचूप तुमच्या नावावर जमा होत असतो. त्याला एचआर नाही, अप्रेझल नाही, बॉसची मनधरणी नाही. अट एकच. वर्षभर गाडी ठोकायची नाही, आणि ठोकलीच तर इन्शुरन्स कंपनीकडे भरपाई मागायची नाही. त्याचं नाव नो क्लेम बोनस. एजंट आणि गॅरेजवाले त्याला नुसतं 'एनसीबी' म्हणतात.

मी त्याला पुण्याई म्हणते. माझं माहेर बीडचं, आजोळ नारायणगडाच्या पायथ्याशी. आमच्याकडे ज्यांना आषाढीला पंढरपूर गाठणं जमत नाही ते नारायणगडावर जातात, म्हणून या गडाला धाकटी पंढरी म्हणतात. गडाचे महाराज कोण, तर नगद नारायण महाराज. त्यामुळे पुण्याई आणि नगद हे दोन शब्द एका वाक्यात आले तरी आमच्या लोकांना काही वावगं वाटत नाही. एनसीबी ही अशीच रोकडी पुण्याई आहे. सावकाश जमते, एका दणक्यात जाते आणि महत्त्वाचं म्हणजे ती गाडीची नसते, तुमची असते. गाडी बदलली, कंपनी बदलली, तरी ती तुमच्याबरोबर चालत येते.

फक्त ती येते कागदावरून. आणि कागदावर चुकीचा आकडा पडला तर काय होतं, ते आमच्या घरानं गेल्या दोन वर्षांत दोन्ही बाजूंनी बघितलं. म्हणून हा लेख.

आधी फंडा क्लिअर करू. तुमच्या कार पॉलिसीचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हा भाग मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. तिथे घासाघीस नाही आणि बोनसही नाही. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. एनसीबी फक्त या भागावर मिळतो. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की २० टक्के, दुसरं गेलं की २५, मग ३५, मग ४५ आणि सलग पाच वर्षं गेली की ५० टक्के. त्याच्यावर शिडी नाही. आणि मधे एक क्लेम केला की सापसिडीतल्या सापासारखं थेट शून्यावर.

हे दर आले २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधून. त्याआधी म्हणजे २००० सालापर्यंत गाडीचा विमा उतरवायचा तर चारच सरकारी कंपन्या होत्या: न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. खासगी कंपन्या आल्या तरी दर सगळीकडे टॅरिफप्रमाणे सारखेच. त्यामुळे कंपनी बदलून फारसं काही हाती लागत नसे. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर मोकळे झाले आणि खरी स्पर्धा सुरू झाली. आज एकाच गाडीला पाच कंपन्यांचे पाच भाव मिळतात. पण बोनसची शिडी मात्र तीच राहिली, २० ते ५०. म्हणूनच तो एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो. आकडा सगळ्यांना समजतो, प्रश्न फक्त पुराव्याचा.

आता आमच्या बाबांची गोष्ट. बाबा रिटायर्ड शिक्षक, बीडला असतात. एमएच-२३ नंबरची छोटी गाडी, तिचा प्रवास ठरलेला. भाजी मंडई, बँक, महिन्यातून एकदा गड. २०२५ च्या सप्टेंबरात बीडपर्यंत रेल्वे आली खरी, पण गडावर जायला गाडीच लागते. गाडीला ओरखडाही नाही. यंदा जुन्या कंपनीचं रिन्यूअल आलं आणि आकडा बघून बाबांनी मला पुण्याला फोन केला.

"अगं, हे दरवर्षी वाढवतात. दुसरी कंपनी बघता येईल का?"

बघितली. दुसरीकडे भाव जवळजवळ १,९०० रुपयांनी कमी होता. व्हिडिओ कॉलवर फॉर्म भरायला बसलो आणि पहिल्याच पानावर प्रश्न आला: मागच्या पॉलिसीत एनसीबी किती होता?

बाबा म्हणाले, "पंचेचाळीस लिही. यंदाही क्लेम नाही, म्हणजे आता पंचेचाळीस झाला."

हिशेब बरोबर होता, पण उत्तर चुकीचं होतं. बाबांच्या चालू पॉलिसीवर छापलेला आकडा होता ३५. फॉर्म तोच विचारत होता. तुम्ही ३५ भरा, 'या वर्षी क्लेम केला का' याला 'नाही' म्हणा, की फॉर्म स्वतःच तुम्हाला ४५ वर चढवतो. बाबांचं ऐकून ४५ भरला असता, तर फॉर्मनं आनंदानं ५० दिला असता. पाच टक्के जास्त, आणि सहीनिशी खोटं निवेदन! कुणाच्या मनात पाप नसताना. मी बाबांना पॉलिसी कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, छापील आकडा वाचायला लावला, मगच पुढे गेलो.

त्या ४५ टक्क्यांची किंमत काय? बाबांच्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता बोनसआधी ८,००० रुपये. त्याचे ४५ टक्के म्हणजे ३,६००. वरचा १८ टक्के जीएसटीही तेवढ्या रकमेवर वाचला, ६४८. एकूण ४,२४८ रुपये. छोट्या गाडीला, छोट्या शहरात. आता तुमची ती चकाचक एसयूव्ही डोळ्यांसमोर आणा आणि स्वतःच गुणाकार करा.

पण नव्या कंपनीनं आपल्या शब्दावर विश्वास का ठेवावा? टॅरिफच्या नियमात याचं उत्तर साफ दिलेलं आहे. पुरावा म्हणून दोनपैकी एक कागद चालतो. जुन्या कंपनीची रिन्यूअल नोटीस, जिच्यावर यंदा किती बोनस लागू होणार ते लिहिलेलं असतं, किंवा जुन्या कंपनीचं पत्र, की या ग्राहकाला इतका एनसीबी देय आहे. बाबांकडे रिन्यूअल नोटीस होती. शिक्षकी पेशाची कृपा, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात १९९१ पासूनचे कागद आहेत! तरीही नव्या कंपनीनं पत्रही मागितलं. जुन्या कंपनीला ईमेल केला, चार दिवस सामसूम. गिऱ्हाईक सोडून चाललंय म्हटल्यावर कोण धावपळ करणार? आठवण करून दिली, आठव्या दिवशी पत्र आलं. पॉलिसी संपायला अजून तीन आठवडे होते म्हणून टेन्शन नव्हतं. शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता फॉर्म उघडणाऱ्यांनी मात्र इथे कान टवकारा.

दोन्ही कागद नसतील तरी रस्ता बंद होत नाही. मग तुमच्याकडून एक निवेदन घेतलं जातं. त्याचा अर्थ असा: मी मागितलेला बोनसचा दर बरोबर आहे, संपत आलेल्या पॉलिसीत एकही क्लेम झालेला नाही, आणि हे खोटं निघालं तर पॉलिसीच्या पहिल्या भागाचे सगळे लाभ मी गमावेन. पहिला भाग म्हणजे तोच, ओन डॅमेज. ऑनलाइन फॉर्ममध्ये हे निवेदन एका छोट्या चौकोनात मावतं. आपण टिक करतो आणि पुढे जातो. टिक करायला एक सेकंद लागतो. तिची किंमत किती, ते मामांना विचारा.

मामा गडाच्या पायथ्याच्या गावात राहतात. थोडी शेती, थोडी दुधाची जनावरं आणि एक गाडी. गाडी हौसेची नव्हे. मामींचं आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस असतं आणि त्या दिवशी एसटीच्या वेळा जुळत नाहीत. २०२३ च्या दिवाळीत मामांची गाडी बांधावर घासली, बंपर आणि हेडलाइट गेले. त्यांनी रीतसर क्लेम केला, १४,००० रुपये मिळाले. त्यांच्या पॉलिसीवर तेव्हा २५ टक्के एनसीबी होता. नियमाप्रमाणे पुढच्या वर्षी तो शून्य व्हायला हवा.

मार्च २०२४ मध्ये एजंट घरी आला. चहा झाला, मामींची चौकशी झाली. मग म्हणाला, जुनी कंपनी महाग पडते, तुम्हाला दुसरीत टाकतो. मामा कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळे झाले. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "पोरी, त्यानं मला म्हणलं, मामा, तुम्ही टेन्शन नका घेऊ, सगळं करून टाकतो. आता घरचाच माणूस. त्याच्यापुढं काय चष्मा लावून वाचत बसू?"

एजंटनं फॉर्ममध्ये 'क्लेम नाही' असं लिहिलं आणि २५ ची पुढची पायरी, ३५ टक्के, घेऊन टाकली. मामांचा ओन डॅमेजचा हप्ता ९,०००. सवलत ३,१५०, तिच्यावरचा जीएसटी ५६७. म्हणजे एकूण ३,७१७ रुपये वाचले. एजंटचं गिऱ्हाईक खूश, एजंट खूश.

जानेवारी २०२५. उसाचा हंगाम. संध्याकाळी बीडहून परत येताना समोर उसाची ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. मामांनी गाडी वाचवायला स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी नळीच्या पुलाच्या कठड्यावर गेली. मामींना खरचटलं, मामांचं मनगट मोडलं. देवाच्या दयेनं एवढ्यावर निभावलं. गॅरेजनं खर्च सांगितला १,८६,००० रुपये. सर्व्हेअर आला, त्यानं घसारा वगैरे कापून १,६०,००० चं नुकसान मान्य केलं. आम्हाला वाटलं, झालं काम.

महिन्यानं पत्र आलं. तुम्ही आधीच्या वर्षी क्लेम घेतला असूनही नो क्लेम बोनस मागितला, निवेदन खोटं आहे, सबब दावा नामंजूर.

३,७१७ रुपयांच्या सवलतीपायी १,६०,००० रुपये बुडाले! आणि ती सवलत मामांनी मागितलीही नव्हती.

'दुसऱ्या कंपनीत गेलं की जुना क्लेम कुणाला दिसतोय?' हा एजंटांचा आवडता डायलॉग. एकेकाळी त्यात तथ्यही असेल. आता विमा कंपन्यांचा डेटा गोळा करणारा इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो आहे आणि गाडीचा नंबर सगळीकडे एकच असतो. दिसतं सगळं. फक्त बऱ्याचदा ते पॉलिसी देताना बघितलं जात नाही, क्लेम आला की बघितलं जातं.

आणि नेमकी इथेच ग्राहकाची बाजू आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. ग्राहकाच्या निवेदनावर बोनस दिला, तर कंपनीवरही जबाबदारी येते, असं टॅरिफचा तोच नियम सांगतो. पॉलिसी दिल्यापासून २१ दिवसांच्या आत तिनं जुन्या कंपनीला पत्र लिहून खातरजमा करायची, आणि जुन्या कंपनीनं ते पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं. हप्ता घेताना डोळे मिटायचे आणि पैसे देताना भिंग काढायचं, हे नियमाला मंजूर नाही.

मग मी मामांच्या वतीनं एक पानी पत्र लिहिलं. त्यात रडारड नव्हती, दोनच मागण्या होत्या. एक, मामांच्या सहीच्या प्रस्तावाची आणि निवेदनाची प्रत द्या. दोन, एनसीबीची खातरजमा करण्यासाठी जुन्या कंपनीला कोणत्या तारखेला पत्र लिहिलं ते कळवा. पहिल्या मागणीवर प्रत आली. बोनसचा आकडा एजंटच्या अक्षरात होता, सही मामांची. दुसऱ्या मागणीवर उत्तर आलं नाही. तारीखच नव्हती, देणार काय?

कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज केला. ३० दिवसांत समाधान झालं नाही. मग विमा लोकपालाकडे गेलो. बीड जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. फक्त कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं. अर्ज दाखल झाल्यावर कंपनीची भाषा जरा मऊ झाली आणि जुलैमध्ये तडजोड झाली. मान्य नुकसानीच्या पाऊणपट, म्हणजे १,२०,००० रुपये मिळाले. गॅरेजचे उरलेले ६६,००० मामांनी एक म्हैस विकून आणि थोडे उसने घेऊन भरले.

आम्ही जिंकलो का? मला नाही वाटत. पाच महिने गाडी गॅरेजमध्ये होती. आठवड्यातून दोनदा मामींना भाड्याच्या जीपनं बीडला न्यावं लागलं. परतीला त्या मागच्या सीटवर आडव्या व्हायच्या, तर जीपवाला चार सीटचं भाडं मागायचा. या पाच महिन्यांचा हिशेब कुठल्याच सर्व्हेअरच्या कागदावर नाही.

आणि प्रत्येकाला पाऊण तरी मिळेलच असंही समजू नका. अशा प्रकरणांत ग्राहक आयोगांचे निकाल दोन्ही बाजूंनी लागलेले आहेत. काही ठिकाणी 'कंपनीनं खातरजमा केली नाही, मग पूर्ण दावा नाकारता येणार नाही' असं म्हटलं गेलं, तर काही ठिकाणी 'ग्राहकानं माहिती लपवली' म्हणून नकार कायम राहिला. एक गोष्ट मात्र समजून घ्या. ट्रॉलीऐवजी समोर माणूस असता आणि त्याला इजा झाली असती, तर त्याची थर्ड पार्टी भरपाई या एनसीबीच्या भानगडीत अडकली नसती. निवेदनात गमावतो तो फक्त स्वतःच्या गाडीचा भाग. म्हणजे दंड थेट आपल्याच घराला.

आता आपल्या शहरी मंडळींकडे येऊ. तुमच्यापैकी कित्येक जण यंदा जुनी हॅचबॅक विकून नवी गाडी घेणार आहात. शोरूममध्ये चावीची मोठी प्रतिकृती हातात घेऊन फोटो काढाल, पेढे वाटाल आणि शोरूमवाला देईल तो इन्शुरन्स मुकाट्यानं घ्याल. थांबा! जुन्या गाडीवर ५० टक्के बोनस जमला असेल तर तो नव्या गाडीवर लागू होतो. नव्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता समजा २४,००० असेल, तर १२,००० रुपये तिथल्या तिथे कमी. जुन्या गाडीपेक्षा नवीवर ही पुण्याई जास्त फळते, कारण नव्या गाडीची किंमत मोठी, म्हणून हप्ताही मोठा.

त्यासाठी जुनी गाडी विकल्याचा पुरावा घेऊन जुन्या कंपनीकडे जायचं. आरटीओचे फॉर्म २९ आणि ३०, विक्रीची पावती, आरसीची प्रत असं द्यायचं आणि एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र मागायचं. हे पत्र तीन वर्षं चालतं. म्हणजे गाडी विकून तुम्ही वर्षभरासाठी ऑनसाइट गेलात, परत येऊन नवी घेतलीत, तरी बोनस शाबूत. आणि जुनी गाडी घेणाऱ्याला तुमचा बोनस मिळत नाही. 'पॉलिसी चालू आहे, बोनससकट घ्या' असं कुणी सेकंडहॅण्ड गाडी विकताना म्हणालं, तर हसून चहा प्या आणि पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्या. तुमची शिडी तुम्हाला शून्यापासूनच चढायची आहे.

घरातल्या घरात तरी? बाबा परवा म्हणाले, "गाडी तुझ्याच नावावर करतो, बोनससकट." म्हटलं, बाबा, गाडी द्या, बोनस येणार नाही. हयातीत तो वडिलांकडून मुलीकडे जात नाही. मालकाचं निधन झालं आणि गाडी पती, पत्नी, मुलं किंवा आईवडिलांकडे आली, तरच नियमात त्याची सोय आहे. बाबा म्हणाले, "मग असू दे, मीच चालवतो." यावर काय बोलणार?

परदेशातून परतणाऱ्यांसाठीही एक खिडकी आहे. तिकडे क्लेमशिवाय गाडी चालवली असेल, तर तिथल्या कंपनीचं पत्र आणा. तिकडची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे पॉलिसी घेतली, तर तो बोनस इथल्या नियमांत बसवून देता येतो. बॅगेत चॉकलेटं भरताना हा एक कागदही भरा.

आणि सगळ्यात सोपी चूक: विसरणं. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर जमलेला सगळा बोनस गेला. पाच वर्षांची पुण्याई आळसापोटी खलास. शिवाय मधल्या काळात विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हेही २०१९ पासून कायद्यात आहे.

तर मग करायचं काय? पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी कपाट उघडा. पॉलिसीवरचा छापील एनसीबी बघा. जुन्या कंपनीची रिन्यूअल नोटीस जपून ठेवा, कंपनी बदलणार नसलात तरीही. कंपनी बदलायची असेल तर पत्र ईमेलवर मागा, म्हणजे मागितल्याची तारीख राहते. फॉर्मवर 'मागचा एनसीबी' विचारलाय की 'लागू होणारा', हे दोनदा वाचा. छोट्या ओरखड्याचा क्लेम करण्याआधी हिशेब मांडा. २,५०० च्या कामासाठी ४,२४८ चा बोनस घालवणं हा कुठला शहाणपणा? आणि कोऱ्या फॉर्मवर सही नाही म्हणजे नाही, समोर घरचा माणूस असला तरी. घरचा माणूस असेल तर तो पाच मिनिटं थांबेल.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमची चालू पॉलिसी आजच काढून बघा. तिच्यावरचा बोनस तुमच्या हक्कापेक्षा जास्त दिसत असेल, एजंटनं टाकलेला असो की घाईत स्वतः टिक केलेला, तर अपघाताची वाट बघू नका. कंपनीला लेखी कळवा, फरकाचा हप्ता भरा आणि दुरुस्तीचा कागद घ्या. दोन-चार हजार जातील. जाऊ द्या.

मामांनी यंदा तेच केलं. नव्या पॉलिसीवर एनसीबीच्या रकान्यात ठळक अक्षरात शून्य आहे. हप्ता जास्त भरला म्हणून मी हळहळले, तर फोनवर म्हणाले, "असू दे. शून्य हाय, पण खरा हाय. आता हळूहळू चढल." मामींचे सोमवार आणि गुरुवार पुन्हा आपल्या गाडीतून सुरू झालेत. मामा चाळीसच्या वर स्पीड नेत नाहीत, आणि एजंट आला की चहाआधी चष्मा काढतात.